साल एक, आकडे अनेक

आमचे मूळ गाव सोनाळा. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात. काही वर्षांपूर्वी तेथील जुने घर आवरताना पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या हातचा एक कागद सापडला. त्यावर माझ्या वडिलांच्या जन्माची नोंद होती : शके १८७२, विकृतिनाम संवत्सर, संक्रांतीची कर, सोमवार.

वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख मात्र १ जुलै १९५०. ते आजोळी शिकले. नाव घालायला मामा घेऊन गेले होते. 'जन्मसाल कोणते?' असे विचारल्यावर मामांनी घरी ऐकलेले 'शके अठराशे बहात्तर' सांगितले. गुरुजींनी त्यात ७८ मिळवले, १९५० आले. महिना-दिवस मामांना ठाऊक नव्हता, तेव्हा शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख पडली. त्या पिढीतील किती तरी जणांचे वाढदिवस जून-जुलैच्या पहिल्या तारखेला येतात, हे शाळेचे जुने रजिस्टर चाळलेल्या कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे.

आता कागद पाहा. कर म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. त्या काळात संक्रांत १४ जानेवारीला येत होती, म्हणजे कर १५ जानेवारीला. पण शके १८७२ सुरू झाले १९५० च्या गुढीपाडव्याला, आणि त्यातला जानेवारी आला १९५१ मध्ये. जानेवारी १९५० मध्ये शके १८७१ च चालू होते. वारही हेच सांगतो. १५ जानेवारी १९५० ला रविवार होता, १५ जानेवारी १९५१ ला सोमवार. वडिलांचा खरा जन्म १५ जानेवारी १९५१ चा. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्तीच्या नियमाने ते ३० जून २००८ रोजी सेवेतून बाहेर पडले; खऱ्या तारखेने ३१ जानेवारी २००९ ला पडले असते. सात महिन्यांचा पगार एका बेरजेत गेला.

गुरुजींची बेरीज चुकली नव्हती. १८७२ अधिक ७८ बरोबर १९५०, हे गणित म्हणून निर्दोष आहे. चूक होती ती सालाचा आकडा म्हणजेच साल असे समजण्यात. सालाचा आकडा कोणी मोजायला सुरुवात केली, कोठून केली आणि वर्ष कोणत्या दिवशी बदलते, हे कळल्याशिवाय तो अपुरा असतो. ही गोष्ट आपल्याच भागातील इतिहासावरून पडताळून पाहू.

अडगावची एक संध्याकाळ

सोनाळ्याच्या पूर्वेला, आजच्या अकोला जिल्ह्यात, अडगाव आहे. इंग्रजी इतिहासात त्याचे नाव 'आरगाव' असे येते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी येथे आर्थर वेलस्लीच्या सैन्याची नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या सैन्याशी लढाई झाली. ती दुपार उलटल्यावर सुरू झाली आणि पाठलाग चांदण्यात झाला. पंधरवड्यानंतर गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा मुलूख त्या तहाने गेला आणि वऱ्हाड निजामाकडे राहिले. पुढे १८५३ मध्ये निजामाने ते कंपनीच्या कारभारात दिले.

या एका मैदानाशी अनेक दप्तरांचा संबंध होता : कंपनीचे, भोसल्यांचे, शिंद्यांचे, निजामाचे, आणि शेजारच्या गावांतील पाटील-कुळकर्ण्यांचे. त्या दिवशीचे साल निरनिराळ्या गणनांनी असे येते :

इसवी सन – १८०३
शालिवाहन शक – १७२५, रुधिरोद्गारी संवत्सर
विक्रम संवत – १८६०
हिजरी सन – १२१८
दक्षिणी फसली सन – १२१३
सुहूर (अरबी) सन – अर्बा मयातैन व अलफ, म्हणजे १२०४
राज्याभिषेक शक – १३०

सूर्य एकच मावळला, चंद्र एकच उगवला. आकडे मात्र सात. यातील शेवटचा आकडा समजण्यास सर्वांत सोपा आहे. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाबरोबर नवा शक सुरू केला, त्याचे १३० वे वर्ष. इसवी, शक आणि संवत यांची सुरुवात वेगवेगळी असली तरी वर्षांची सरासरी लांबी जवळजवळ सारखीच आहे. म्हणून त्यांच्यातील अंतर टिकून राहते : शक आणि इसवी यांत ७८ किंवा ७९, शक आणि संवत यांत १३५ किंवा, गुजरातेप्रमाणे कार्तिकात वर्ष बदलणाऱ्या संवतात पाडवा ते दिवाळी या काळापुरते, १३४.

विचार करायला लावणारे आकडे मधले तीन आहेत : १२१८, १२१३ आणि १२०४. तिन्ही एकमेकांच्या जवळ आहेत, पण सारखे नाहीत. असे का?

गोठलेली हिजरी

हिजरी सन शुद्ध चांद्र आहे. त्याचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षापेक्षा जवळजवळ ११ दिवसांनी लहान. आपल्या पंचांगातही महिने चंद्राचेच, पण आपण साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालून वर्ष पुन्हा ऋतूंशी जुळवून घेतो. हिजरी सनात तशी सोय नाही. त्यामुळे रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी हिवाळ्यात, आणि ३२ सौरवर्षांत सुमारे ३३ हिजरी वर्षे होऊन जातात.

धार्मिक आचाराला यात काही अडचण नाही. अडचण येते ती शेतसाऱ्याला. ज्वारी चंद्र पाहून पिकत नाही, ती पाऊस आणि ऊन पाहून पिकते. हिजरी सालाप्रमाणे दरवर्षी सारा घ्यायचा म्हटले तर ३२ हंगामांत ३३ वेळा वसुली होईल. एका सालाला पीकच नसेल. ही अडचण राज्यकर्त्यांच्याही लक्षात आली होती. अकबराच्या दरबारात तिची चर्चा झाली. दक्षिणेत तर त्याच्याही पूर्वी तोडगा निघाला होता.

तोडगा साधा होता. चालू हिजरी सालाचा आकडा घ्यायचा, पण त्या दिवसापासून पुढे वर्ष सूर्याप्रमाणे मोजायचे. आकडा ओळखीचा राहिला, वर्ष मात्र शेतकऱ्याचे झाले. सुहूर सनाचा आकडा हिजरी ७४५ ला, म्हणजे इ. स. १३४४ ला, हिजरीशी जुळतो. दक्षिणी फसली सन शाहजहानच्या कारकिर्दीत, हिजरी १०४६ ला, म्हणजे इ. स. १६३६ ला, हिजरीपासून सुटला. सुहूर सनाचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जातो त्या दिवशी बदलते, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. पेरणीच्या तोंडावर नवे साल, ही व्यवस्था वऱ्हाडातल्या कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही. 'फसली' या शब्दातही फसल म्हणजे पीकच आहे.

आता अडगावच्या आकड्यांकडे परत या. १३४४ ते १८०३ ही ४५९ सौरवर्षे. या काळात हिजरी ७४५ वरून १२१८ वर गेली, म्हणजे ४७३ वर्षे. फरक १४. हिजरी १२१८ आणि सुहूर १२०४ यांतही अंतर १४ च आहे. फसलीचे पाहा. १६३६ ते १८०३ ही १६७ वर्षे, हिजरी वर्षे १७२, फरक ५. आणि १२१८ वजा १२१३ बरोबर ५. दर ३२-३३ वर्षांना एक या हिशेबाने हिजरी पुढे सरकत गेली आणि गोठलेले आकडे मागे पडत गेले. खडकातील किरणोत्सर्गी मूलद्रव्याचे प्रमाण पाहून भूवैज्ञानिक जसे खडकाचे वय काढतो, तसे या अंतरावरून तो सन हिजरीपासून केव्हा सुटला हे काढता येते. सुहूर आणि फसली यांत मात्र कायम ९ चेच अंतर राहते, कारण दोन्ही सौर आहेत. विद्यार्थ्यांना त्रैराशिकाचे इतके जिवंत उदाहरण क्वचितच मिळेल.

यावरून व्यवहारातील सूत्रे अशी मिळतात. सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, दक्षिणी फसलीत ५९० मिळवले की येतो; जानेवारीपासून पुढच्या वर्षबदलापर्यंत एक अधिक, म्हणजे ६०० आणि ५९१. हिजरीसाठी असे एकच सूत्र चालत नाही, तेथे कोष्टकच पाहावे लागते.

सुहूर सन कागदावर अंकांत न लिहिता अरबी संख्यानामांनी लिहीत, आणि एकं आधी, सहस्र शेवटी. अर्बा म्हणजे चार, मयातैन म्हणजे दोनशे, अलफ म्हणजे हजार : एकूण १२०४. मोडी कागदातील ही अक्षरे पाहून हे एखाद्या माणसाचे नाव असावे असा नवख्याचा समज होतो!

नावाचा उपयोग

शकाबरोबर संवत्सराचे नाव का लिहीत असावेत? प्रभव ते क्षय अशी साठ नावे आहेत आणि ती क्रमाने फिरतात. आपल्याकडील नाव काढण्याची रीत सोपी आहे. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल तितवे नाव. शके १७२५ अधिक १२ बरोबर १७३७, बाकी ५७, सत्तावन्नावे नाव रुधिरोद्गारी. वडिलांचे शके १८७२ अधिक १२ बरोबर १८८४, बाकी २४, चोविसावे विकृती. आजोबांचा कागद जुळतो. (बाकी शून्य आली तर साठावे, क्षय.)

साठ वर्षांचे हे चक्र गुरू ग्रहाच्या गतीशी जोडलेले आहे. गुरू मध्यम गतीने एक रास ओलांडायला सुमारे ३६१ दिवस घेतो, म्हणजे वर्षापेक्षा थोडे कमी. उत्तरेकडे हा हिशेब पाळतात, म्हणून सुमारे ८५ वर्षांनी एक नाव गाळावे लागते. दक्षिणेत ते गाळणे पूर्वीच बंद झाले. परिणामी त्याच वर्षाचे नाव महाराष्ट्रात एक आणि काशीच्या पंचांगात दुसरेच असते. आज ती नावे आपल्यापेक्षा डझनाहून अधिक पुढे आहेत. म्हणजे नावसुद्धा कुठल्या प्रदेशातले, हे विचारावे लागते.

तरीही नावाचा मोठा उपयोग आहे. नकल करताना एखादा अंक चुकला तर नाव जुळत नाही आणि चूक उघडी पडते. आजचे संगणकशास्त्रज्ञ लांब क्रमांकाच्या शेवटी एक पडताळणीचा अंक जोडतात, त्याचेच हे जुने रूप म्हणता येईल. शक, संवत्सर, तिथी आणि वार असे चार साक्षीदार एकाच ओळीत उभे केलेले असत.

मात्र साक्षीदार एकमेकांशी जुळले म्हणजे घटना खरी ठरली असे नाही. शिवाजी महाराजांच्या जन्माबद्दल शके १५४९ प्रभव संवत्सर, वैशाख, अशी एक परंपरा होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शके १५५१ शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया असे निघाले. दोन्ही ठिकाणी शक आणि नाव बरोबर जुळतात : १५६१ ला बाकी एक, प्रभव, १५६३ ला बाकी तीन, शुक्ल. म्हणजे हा हस्तदोष नव्हता, दोन वेगळ्या परंपराच होत्या. निर्णय इतर समकालीन पुराव्यांवरून करावा लागला. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख महाराष्ट्र शासनाने स्वीकारली ती पुढे बऱ्याच वादानंतर.

१२ जानेवारीचा चंद्र

आमच्या जिल्ह्यातील प्रत्येक शाळेला १२ जानेवारी ठाऊक आहे. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. जन्म १२ जानेवारी १५९८, पौष पौर्णिमा, असा सर्वसाधारणपणे मानला जातो. आता एक प्रयोग करू. आजचे इंग्रजी कॅलेंडर तसेच मागे नेले आणि त्या रात्रीचा चंद्र गणिताने काढला तर काय दिसते? चंद्र जेमतेम पाच दिवसांचा. पौर्णिमा नाहीच!

मग तारीख खोटी की तिथी? दोन्ही खऱ्या असू शकतात. युरोपात १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने पंचांगात सुधारणा करून दहा दिवस गाळले. पोर्तुगालने ती लगेच स्वीकारली. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत जुनीच, म्हणजे ज्युलियन, तारीख चालू ठेवली. मराठ्यांच्या इतिहासातील सतराव्या शतकाच्या तारखा आपण बहुधा या जुन्या पद्धतीने देतो. १२ जानेवारी १५९८ ज्युलियन म्हणजे आजच्या पद्धतीने २२ जानेवारी, आणि त्या दिवशी चंद्र पूर्ण होता. चंद्राने तिथीच्या बाजूने साक्ष दिली आणि तारीख कोणत्या कॅलेंडरची हेही सांगितले.

शकाचे पाहा. १५९८ मधून ७८ वजा केले तर १५२० येते, आणि ते चूक आहे. जानेवारी असल्यामुळे ७९ वजा करावे लागतील : शके १५१९, हेमलंबी संवत्सर. वडिलांच्या दाखल्यात झालेली तीच चूक, फक्त उलट दिशेने.

इंग्रजांचे वर्षही जानेवारीत बदलत होते असे समजू नये. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये नवे साल २५ मार्चला धरीत. शिवजन्माच्या दिवशी सुरतेच्या वखारीतील इंग्रजाने पत्र लिहिले असते तर रीतीप्रमाणे त्यावर १९ फेब्रुवारी १६२९ घातले असते. गोव्यातील पोर्तुगीजाने १ मार्च १६३०. पण दोघांनीही वार शुक्रवारच लिहिला असता. या सर्व गोंधळात सात वारांची माळ मात्र अखंड राहिली आहे, म्हणून जुन्या कागदाची परीक्षा करताना वार फार मोलाचा.

दोन शके १९४६-४७

हा केवळ जुन्या काळचा प्रश्न आहे असे वाटू नये. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या समितीसमोर देशातील सुमारे तीस निरनिराळी पंचांगे होती. समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सुरू झाली, तो दिवस १ चैत्र १८७९. गणना शकाचीच घेतली, पण वर्षारंभ वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी, २२ मार्चला (लीप वर्षी २१ ला) पक्का केला. पंचांगातले शके गुढीपाडव्यालाच बदलत राहिले. २०२५ मध्ये राष्ट्रीय शके १९४७ सुरू झाले २२ मार्चला आणि पाडवा आला ३० मार्चला. मधले आठ दिवस शासकीय राजपत्राचे शके १९४७ होते आणि भिंतीवरच्या पंचांगाचे १९४६. नाव तेच, आकड्याचे मूळ तेच, तरी साल वेगळे.

फसलीचेही तसेच. हैदराबाद संस्थानात पुढे फसली वर्ष मृगाऐवजी ऑक्टोबरच्या सुरुवातीस, आजूर महिन्यापासून धरू लागले. आजही मराठवाड्यात जमिनीच्या किंवा जातीच्या पुराव्यासाठी निजामकालीन कागद काढले जातात तेव्हा हा सन समोर येतो. जून ते सप्टेंबरमधील नोंद असेल तर ५९० मिळवायचे की ५९१, हे कागद कोणत्या काळाचा यावर ठरते. मोबाइलवरचे तयार परिवर्तक हा प्रश्न विचारीत नाहीत. ते एक आकडा देऊन मोकळे होतात.

वर्गात काय करता येईल?

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना घरातील जुने कागद शोधायला सांगावे : जन्मपत्रिका, खरेदीखते, लग्नपत्रिका, दुकानाच्या चोपड्या. गावातील देवळाच्या किंवा बारवेच्या दगडावरील सालही चालेल. वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात कागदावर जसे लिहिले आहे तसे, अक्षरशः उतरावे. दुसऱ्यात गणना कोणती आणि तिचे वर्ष केव्हा बदलते ते लिहावे. तिसऱ्यात इसवी तारीख काढावी आणि संवत्सर व वार जुळतात का ते पाहावे. न जुळल्यास खोडू नये, तसे नोंदवावे. पहिला रकाना कधीही गाळू नये, कारण तिसऱ्यातील चूक उद्या कुणी तरी दुरुस्त करू शकेल, ती पहिल्याच्याच आधाराने.

वडिलांच्या वेळच्या रजिस्टरात एकच रकाना होता. त्यात 'शके १८७२' असेच लिहून ठेवले असते, तरी पुढे केव्हा तरी कुणी 'महिना कोणता?' असे विचारले असते. आजोबांचा कागद वडिलांना दाखवला तेव्हा ते हसले. आता तो पेटीतून काढून दाखल्याच्याच फायलीत लावून ठेवला आहे.